साठवण-जोडण्यांचा वेग : जुन्या संगणकांसंबंधी एक अभ्यासपाठ

प्राथमिक शाळांच्या अंकगणितात 'काळ, काम व वेग' हे प्रकरण फार जुने आहे. हौदास दोन तोट्या असतात. एक तोटी तो चार तासांत भरते, दुसरी सहा तासांत रिकामा करते. दोन्ही एकदम सोडल्यास हौद केव्हा भरेल, असा प्रश्न असतो. ह्या उदाहरणांची आजवर पुष्कळ थट्टा झालेली आहे. भरत्या हौदाची तोटी मोकळी ठेवणारा हा गृहस्थ कोण, असे मुले विचारतात आणि त्यांचे विचारणे गैर नाही. तथापि ज्या शिक्षकास हे प्रकरण नीट शिकविता येते, त्यास संगणकाच्या एका अवघड भासणाऱ्या अंगाचा उलगडा सहज होण्यासारखा आहे. ते अंग म्हणजे संगणकाच्या साठवणीतून माहिती बाहेर काढण्यास लागणारा वेळ होय.

खेड्यापाड्यांतील कित्येक शाळांत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे संगणक अद्याप आहेत. काही देणगीदाखल आलेले, काही योजनांतून मिळालेले. त्यांपैकी जे चालतात त्यांत शिक्षकांनी वर्षानुवर्षे केलेले काम साठलेले असते : घटक चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, गावातील वृद्ध स्त्रियांनी म्हटलेल्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे. जनरल रजिस्टर कागदावर असते म्हणून ते सुरक्षित आहे. परंतु आता हयात नसलेल्या आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी एकदा त्या डिस्कबरोबर गेली की पुन्हा मिळावयाची नाही. संगणक जुना झाला, डिस्क कुरकुरू लागली म्हणजे हे संचित दुसरीकडे हलविणे भाग पडते आणि शिक्षकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. यास वेळ किती लागेल, हा पहिला. वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि यूपीएसची बॅटरी पंधरा मिनिटांपलीकडे सहसा टिकत नाही. यासाठी काही विकत घ्यावे काय, हा दुसरा. 'सहा गिगाबिटची केबल घ्या, संगणक चौपट धावेल' असे सांगणारे दुकानांत भेटतात आणि सादिलाचे पैसे तर मोजकेच असतात.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच विचारात आहे. खोक्यावर छापलेला वेग ही त्या जोडणीची कमाल मर्यादा असते. तो प्रत्यक्षातला वेग नव्हे. माहिती ज्या ज्या टप्प्यांतून जाते, त्यांपैकी सर्वांत मंद टप्पाच एकंदर वेग ठरवितो. मोटेने विहिरीतून जेवढे पाणी येईल तेवढेच पाटातून वाहणार; पाट रुंद केल्याने मोट मोठी होत नाही.

मापांचा घोळ

प्रथम मापांचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण निम्म्या चुका येथेच होतात. माहितीचा सर्वांत लहान कण तो बिट. आठ बिटांचा एक बाइट. साठवणीचे माप बाइटांत सांगण्याचा प्रघात आहे, तर जोडणीचा वेग पुष्कळदा बिटांत सांगितला जातो. आणि रोमन लिपीत बिटसाठी लहान 'बी' व बाइटसाठी मोठा 'बी' लिहितात, एवढाच काय तो भेद. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीवर ४८० हा आकडा आढळतो. तो मेगाबिटांचा आहे. आठाने भागिले असता दर सेकंदास ६० मेगाबाइट येतात, आणि हेही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, हाती पडत नाहीत.

दुसरा घोळ हजाराचा. डिस्क बनविणारे मेगा म्हणजे दहा लाख धरतात. संगणकाच्या पडद्यावर मात्र कित्येकदा १०२४ गुणिले १०२४ असा हिशेब असतो. म्हणून ५०० गिगाबाइटची म्हणून घेतलेली डिस्क पडद्यावर ४६५ दाखविते आणि दुकानदाराने फसविले असे वाटू लागते. त्याने फसविलेले नसते. साडेतीन इंची फ्लॉपीवरील '१.४४ मेगाबाइट' हा आकडा तर ह्या दोन्ही हिशेबांचे मिश्रण आहे : तेथे मेगा म्हणजे १००० गुणिले १०२४. पुढील सर्व उदाहरणांत मेगा म्हणजे दहा लाखच धरिले आहे.

फ्लॉपी : छापील वेग व खरा वेग

छापील वेग आणि खरा वेग यांतील अंतर शिकविण्यास फ्लॉपीइतके सोपे साधन दुसरे नाही, कारण तिचे सर्व आकडे तोंडी गणितात बसतात. फ्लॉपी आता वापरातून गेलेली आहे. तरी जुन्या कपाटात एखादी सापडतेच. ती फोडून आतील तपकिरी चकती मुलांस अवश्य दाखवावी.

ही चकती मिनिटास ३०० वेळा, म्हणजे सेकंदास ५ वेळा फिरते. तिच्या प्रत्येक बाजूस ८० वर्तुळाकार मार्ग असतात. प्रत्येक मार्गाचे १८ खंड, आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट. तेव्हा एका फेऱ्यात १८ गुणिले ५१२, म्हणजे ९,२१६ बाइट वाचून होतात आणि एका सेकंदात ४६,०८०. आता तिच्या जोडणीचा नाममात्र वेग पाहावा. तो सेकंदास ५ लाख बिट, म्हणजे ६२,५०० बाइट असा आहे. मग उरलेले १६,४२० बाइट कोठे गेले? ते चोरीस गेलेले नाहीत. प्रत्येक खंडाच्या आरंभी त्याचा क्रमांक लिहिलेला असतो, शेवटी ताळा असतो आणि दोन खंडांच्या मध्ये मोकळी जागा सोडलेली असते. मुले वहीत समास सोडतात, प्रश्नाचा क्रमांक लिहितात, दोन उत्तरांमध्ये ओळ सोडतात. त्यामुळे पानावर जेवढे मावते तेवढे उत्तर कधीच लिहून होत नाही. तोच प्रकार येथे आहे. दोन्ही बाजूंचे मिळून १६० मार्ग, प्रत्येकास सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे पूर्ण फ्लॉपी वाचण्यास निदान ३२ सेकंद लागणार. वाचणारे टोक एका मार्गावरून दुसऱ्यावर सरकण्यात जो वेळ जातो तो निराळा.

शुद्धलेखनाचा दृष्टान्त

हार्ड डिस्कच्या आरंभीच्या इतिहासात याहून मौजेची गोष्ट आहे. सीगेट या अमेरिकन कंपनीने १९८० मध्ये एसटी-५०६ नावाची ५ मेगाबाइटची डिस्क काढली. तिच्यासाठी जी जोडणी ठरली, तीच पुढे तिच्या नावाने पुष्कळ वर्षे चालली. आयबीएम कंपनीने १९८३ मध्ये एक्सटी हा संगणक काढला, त्यातील १० मेगाबाइटची डिस्कही ह्याच जोडणीवर चाले. जोडणीचा वेग सेकंदास ५० लाख बिट, म्हणजे ६,२५,००० बाइट. डिस्क सेकंदास ६० फेरे घेई. एका मार्गावर ५१२ बाइटांचे १७ खंड. म्हणून प्रत्यक्षात सेकंदास ५,२२,२४० बाइट मिळावयास हवे होते.

ते मिळत नसत. वर्गात शुद्धलेखन घालताना गुरुजींनी एक वाक्य सांगून लगेच दुसरे सुरू केले, तर जे मूल पहिले वाक्य लिहीतच आहे त्याचे दुसरे हुकते. एक्सटीमधील नियंत्रक पट्टीची तीच अवस्था होती. एक खंड वाचून तो पोचता करीपर्यंत पुढील खंड टोकाखालून निघून गेलेला असे, आणि मग तो पुन्हा येण्यासाठी पूर्ण फेऱ्याची वाट पाहावी लागे. यावर उपाय असा काढण्यात आला की, लागोपाठच्या खंडांस लागोपाठचे क्रमांक न देता, पहिल्या खंडानंतर पाच खंड सोडून सहाव्या जागी दुसरा क्रमांक द्यावा. हुशार गुरुजी दोन वाक्यांमध्ये थांबतात, तद्वत. परिणाम असा की संपूर्ण मार्ग वाचण्यास सहा फेरे लागत आणि वेग एकषष्ठांशावर, म्हणजे सेकंदास ८७,०४० बाइटांवर येई. सगळी डिस्क वाचण्यास २० सेकंदांच्या ठिकाणी दोन मिनिटे लागत. डिस्क मंद नव्हती, जोडणीही मंद नव्हती. घेणारा मंद होता. वेगवान जोडणी विकत घेऊन येथे तिळमात्र फायदा झाला नसता.

आयडीई : रुंद पट्टीची केबल

शाळांतून जे जुने संगणक आढळतात, त्यांपैकी पुष्कळांत आयडीई जोडणीची डिस्क असते. ती ओळखण्यास सोपी आहे : बोटभर जाडीची गोल केबल न दिसता दोन इंच रुंदीची चपटी पट्टी दिसली की ती आयडीई. हिची कल्पना १९८६ च्या सुमारास पुढे आली. पूर्वी जे नियंत्रण वेगळ्या पट्टीवर होत असे, ते हिने डिस्कच्या पोटातच बसविले, आणि वर सांगितलेली शुद्धलेखनाची अडचण हळूहळू संपुष्टात आली.

ह्या जोडणीत १६ बिट, म्हणजे दोन बाइट, एकदम शेजारी-शेजारी तारांतून जातात. आरंभीच्या पद्धतीत प्रत्येक जोडी बाइट प्रोसेसर स्वतः उचलून रॅममध्ये ठेवी. मुख्याध्यापकांनी प्रत्येक वही स्वतः वर्गावर्गांत नेऊन द्यावी, तसे हे होते. वह्या पोचत, परंतु मुख्याध्यापकांचे दुसरे काम बंद पडे. ह्या पद्धतीच्या पाच पायऱ्या होत्या. सर्वांत खालची सेकंदास ३.३ मेगाबाइटांची, सर्वांत वरची १६.६ मेगाबाइटांची. पुढे प्रोसेसरास बाजूला ठेवून डिस्कने थेट रॅमशी देवघेव करण्याची रीत रूढ झाली; वह्यांचा गठ्ठा वर्गनायकाकडे सोपविल्यासारखे. ह्या रीतीच्या सुधारित रूपात घड्याळाच्या ठोक्याच्या चढत्या व उतरत्या दोन्ही कडांस माहिती पाठविली जाते, म्हणून त्याच ठोक्यांत काम दुप्पट होते. याप्रमाणे ३३, ६६, १०० आणि शेवटी १३३ मेगाबाइट अशा मर्यादा गाठल्या गेल्या.

येथे एका व्यावहारिक बाबीकडे लक्ष वेधणे जरूर आहे. ३३ च्या पुढील वेगांसाठी केबल बदलावी लागते. जुन्या केबलीत ४० तारा असतात, नव्या प्रकारात ८०. टोकाचे खटके मात्र ४० छिद्रांचेच. वाढलेल्या ४० तारा माहिती वाहत नाहीत. त्या प्रत्येक दोन तारांमध्ये भिंतीसारख्या उभ्या राहतात, जेणेकरून एका तारेतील संकेताचा परिणाम शेजारच्या तारेवर होऊ नये. बारीक तारांची केबल असेल तर ती ८० तारांची समजावी. तिचे निळे टोक मदरबोर्डास, काळे मुख्य डिस्कला व करडे दुय्यम उपकरणास जोडावयाचे असते. केबल १८ इंचांहून लांब असू नये.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे व तिची माहिती थोड्यांनाच असते. वरील सुधारित रीतीत प्रत्येक वहनानंतर दोन्ही बाजू ताळा पाहतात. भागाकारानंतर मुले पाहतात तसाच. ताळा न जमल्यास माहिती पुन्हा पाठविली जाते. विंडोज एक्सपी ही प्रणाली असे सहा दोष मोजून झाले की वेगाची एक पायरी खाली उतरते, आणि उतरत उतरत अखेर प्रोसेसरने स्वतः वह्या वाटण्याच्या जुन्या पद्धतीवर येऊन बसते. एखादा जुना संगणक एकाएकी कासवासारखा झाला, माउसचा बाण अडखळू लागला, तर लोक व्हायरसला दोष देतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई वाहिनीच्या गुणधर्मांत चालू पद्धती लिहिलेली असते; ती पाहावी. ती वाहिनी तेथून काढून टाकून यंत्र पुन्हा सुरू केले असता गणना नव्याने सुरू होते व वेग परत येतो. परंतु त्याआधी केबल घट्ट बसली आहे की नाही हे तपासावे. आणि काही दिवसांत वेग पुन्हा उतरल्यास डिस्कच आजारी आहे असे समजून माहिती हलविण्याच्या तयारीस लागावे.

सोळा मुलांची ओळ

१३३ च्या पुढे ही पट्टीची जोडणी गेली नाही. याचे कारण शाळेच्या अंगणात दाखविता येते. सोळा मुलांस एका आडव्या ओळीत उभे करावे, प्रत्येकाच्या हाती एक चिंचोका द्यावा आणि ओळ न मोडता पलीकडील रेषेपर्यंत जाण्यास सांगावे. सर्वांनी रेषा ओलांडल्यावरच पुढची ओळ निघेल. सावकाश चालताना ओळ सुरेख राहते आणि प्रत्येक खेपेस सोळा चिंचोके पोचतात. मग वेग वाढवीत जावे. धावू लागताच ओळ वेडीवाकडी होते, एखादे मागे राहते, आणि पुढच्या ओळीतील चपळ मूल मागल्या ओळीतील रेंगाळणाऱ्यास गाठते. कोणता चिंचोका कोणत्या ओळीचा, हे सांगता येईनासे होते. आता एकाच मार्गावरून एकामागे एक मुलांस पळवावे. एका वेळी एकच चिंचोका जातो, परंतु ओळ मोडण्याची भीतीच उरत नाही, आणि पाहिजे तेवढे वेगाने पळविता येते.

हेच तत्त्व साटा ह्या जोडणीत आहे. ती २००३ च्या सुमारास बाजारात आली. हिच्या बारीक केबलीत सात तारा असतात. माहिती एकेक बिट करून जाते, पण सेकंदास १५० कोटी बिट या वेगाने. येथे आठाने भागू नये. हिच्यात प्रत्येक आठ बिटांसाठी दहा बिट पाठविण्याची रीत आहे, जेणेकरून घेणाऱ्यास ठोका चुकू नये; म्हणून दहाने भागावे, म्हणजे १५० मेगाबाइट येतात. पुढील आवृत्त्या अनुक्रमे ३ व ६ गिगाबिटांच्या, म्हणजे ३०० व ६०० मेगाबाइटांच्या.

आता दुकानदाराच्या बोलण्याची पारख करता येईल. साटा आली त्या काळी घरगुती डिस्क सेकंदास ५०-६० मेगाबाइट देत असत. त्यांना १०० ची पट्टीही भरून काढता येत नव्हती. १५० ची नवी केबल त्यांच्या काय कामाची? आजची फिरती डिस्कसुद्धा बाहेरच्या मोठ्या वर्तुळांवर सुमारे १५० ते २०० मेगाबाइट देते आणि आतील लहान वर्तुळांवर त्याच्या निम्म्याच्या आसपास. ६०० ची मर्यादा तिच्या स्वप्नातही नाही. शिवाय साटाच्या तिन्ही आवृत्त्यांस तीच केबल चालते. ज्या केबलीवर ६ असे छापले आहे ती चांगली असेल, परंतु तिच्यामुळे जुना संगणक चौपट धावणार नाही. सादिलातून खर्च करावयाचाच असेल आणि संगणकात साटा जोडणी असेल, तर न फिरणारी एसएसडी घेणे हा विचारपूर्वक केलेला खर्च ठरेल. ती का, ते पुढे येईल.

सर्व्हर व मोठ्या कार्यालयांतील यंत्रांत स्कझी नावाची आणखी एक जोडणी असे. १९८६ मधील तिच्या पहिल्या प्रमाणानुसार ५ मेगाबाइट, आणि मग दुपटीदुपटीने वाढत ३२० पर्यंत तिची मजल गेली. शाळांत ती सहसा आढळत नाही, म्हणून तिचा विस्तार येथे केलेला नाही.

सीडीच्या यंत्रावर '५२ एक्स' असे लिहिलेले असते, त्याविषयी मुले हटकून विचारतात. मूळ गाण्याच्या सीडीचा वेग तो एक एक्स. त्यात सेकंदास २,०४८ बाइटांचे ७५ खंड, म्हणजे १,५३,६०० बाइट. त्याच्या बावन्नपट म्हणजे सुमारे ८ मेगाबाइट. हा वेगही केवळ चकतीच्या बाहेरच्या कडेस मिळतो, आणि सीडी आतून बाहेर भरत जाते. अर्धवट भरलेल्या सीडीवर ५२ चे दर्शन कधीच घडत नाही.

यूएसबी : न विचारता बोलू नये

माहिती हलविताना बहुतेक शिक्षकांचा संबंध यूएसबीशीच येतो, म्हणून तिचा विचार बारकाईने केला पाहिजे. १९९६ मधील पहिल्या आवृत्तीचा व १९९८ मधील १.१ ह्या आवृत्तीचा कमाल वेग १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट. २००० मधील २.० चा ४८० मेगाबिट. २००८ मधील ३.० चा ५ गिगाबिट. येथेही दहाने भागावयाचे, म्हणजे ५०० मेगाबाइट.

पहिल्या दोन आवृत्त्यांची शिस्त जुन्या काळच्या वर्गासारखी आहे. विद्यार्थ्याने आपण होऊन बोलावयाचे नाही. गुरुजी नाव घेतील तेव्हाच उत्तर द्यावयाचे. संगणक प्रत्येक उपकरणास पाळीपाळीने विचारतो आणि उपकरण उत्तर देते. ह्या विचारण्या-सांगण्यातही वेळ जातो. १.१ मध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागात ६४ बाइटांची जास्तीत जास्त १९ पाकिटे बसतात. गुणाकार केला की १२ लाख १६ हजार बाइट येतात. व्यवहारात एक मेगाबाइट धरावा. २.० मध्ये सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात ५१२ बाइटांची १३ पाकिटे, म्हणजे सुमारे ५३ मेगाबाइट. परंतु डिस्कला आज्ञा देणे, मग माहिती घेणे, मग 'झाले' असे उत्तर ऐकणे, यांत आणखी गळती होऊन हाती ३० ते ४० पडतात. १९९५ मध्ये प्रमाणित झालेली फायरवायर ही जोडणी ४०० मेगाबिटांची, म्हणजे कागदावर ४८० हून मंद. तरीही डिस्कच्या कामात ती कित्येकदा यूएसबी २.० च्या पुढे जाई, कारण तिच्यातील उपकरणांस परवानगीसाठी दर वेळी संगणकाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे. केवळ छापील आकडे पाहणाऱ्यांस हा प्रकार कोड्यासारखा वाटे.

सातवीच्या वर्गास येथे एक उदाहरण घालावे : एका फीतीचे आकारमान ६०० मेगाबाइट आहे, ती ४८० मेगाबिटांच्या जोडणीने आणण्यास कमीत कमी किती वेळ लागेल? पुष्कळ मुले ६०० ला ४८० ने भागून 'सव्वा सेकंद' असे उत्तर देतील. त्यांस रागावू नये. फळ्यावर एका बाजूस 'मेगाबाइट' व दुसऱ्या बाजूस 'मेगाबिट' असे लिहून, शेरांत दिलेले धान्य मापट्यांनी मोजल्यास काय होईल, असे विचारावे. मूल स्वतःच आठाने भागून १० सेकंदांवर येईल. मग प्रत्यक्ष ३० मेगाबाइटांचा वेग देऊन २० सेकंद काढून घ्यावेत.

लहान फायलींचा प्रश्न

येथवर जोडणीचा विचार झाला. डिस्क स्वतः कशी वाचते, हेही पाहिले पाहिजे. मिनिटास ७,२०० फेरे घेणारी डिस्क एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद घेते. हवा असलेला खंड टोकाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. त्याआधी टोक योग्य मार्गावर सरकण्यास सुमारे ९. म्हणजे प्रत्येक नव्या फायलीच्या आरंभी निदान १३ मिलिसेकंद केवळ शोधण्यात जातात. एक मोठी फाईल असल्यास हे क्षुल्लक आहे. परंतु प्रत्येकी २० हजार बाइटांच्या दहा हजार फायली असल्यास शोधण्यातच १३० सेकंद जातात, आणि प्रत्यक्ष २०० मेगाबाइट वाचण्यास ४० च्या वेगाने फक्त ५. बाजारात दहा जिन्नस एकाच दुकानातून घेणे आणि दहा दुकानांतून घेणे, यांत जो फरक तोच हा. एसएसडीत फिरणारी चकती नाही व सरकणारे टोकही नाही, म्हणून हा शोधण्याचा काळ तिच्यात जवळजवळ नाहीसा होतो. जुना संगणक तिच्यामुळे नवा झाल्यासारखा वाटतो, त्याचे श्रेय केबलीवरील आकड्यास नाही.

एक संपूर्ण उदाहरण

एका शाळेच्या जुन्या संगणकात ४० गिगाबाइटची आयडीई डिस्क आहे, असे समजावे. तीत १२ गिगाबाइट, म्हणजे १२,००० मेगाबाइट माहिती आहे. संगणकास यूएसबी १.१ ची खाच आहे. पेनड्राइव्ह नवा असला तरी अशा खाचेत तो जुन्याच वेगाने चालतो. विंडोज एक्सपी 'हे साधन याहून वेगाने चालू शकेल' अशा अर्थाची सूचना देते, ती याचीच खूण. १२,००० भागिले १, म्हणजे १२,००० सेकंद, अर्थात ३ तास २० मिनिटे. एवढा वेळ वीज राहील याची हमी कोणी द्यावी? आणि कुरकुरणाऱ्या डिस्कला एवढा वेळ फिरविणेही बरे नव्हे.

दुसरा मार्ग असा : यंत्र बंद करून, विजेची पिन काढून, डिस्क बाहेर काढावी आणि आयडीईपासून यूएसबीकडे नेणाऱ्या जोडपट्टीने ती नव्या संगणकास जोडावी. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा लागतो, म्हणून ज्या जोडपट्टीबरोबर तो येतो तीच घ्यावी. आणि डिस्कवरील छोटी खुंटी 'मास्टर' ह्या जागी आहे हे पाहावे. आता टप्पे मोजावेत. डिस्क स्वतः सुमारे ४० मेगाबाइट देईल. आयडीईची मर्यादा १००. जोडपट्टी यूएसबी २.० ची असल्यास ३०. नव्या संगणकाची खाच ३.० ची, म्हणजे ५००. यांतील सर्वांत लहान आकडा ३०. म्हणून १२,००० भागिले ३०, म्हणजे ४०० सेकंद. ६ मिनिटे ४० सेकंद. जोडपट्टी ३.० ची घेतली असती तरी डिस्कच ४० वर अडली असती आणि फक्त १ मिनिट ४० सेकंद वाचले असते. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असे नाही. माहितीत २०,००० लहान फायली असतील तर शोधण्याचे किमान २६० सेकंद मिळवावे. सगळे मिळून ११ मिनिटे होतात. मात्र ही माहिती नव्या संगणकात न घेता सेकंदास १० मेगाबाइट लिहिणाऱ्या साध्या पेनड्राइव्हवर घेतल्यास तोच सर्वांत मंद टप्पा होतो आणि २० मिनिटांच्या आत काम उरकत नाही.

जोडपट्टी मिळण्यास दिवस लागणार असतील व डिस्कचा भरवसा नसेल, तर वाट पाहू नये. सगळे १२ गिगाबाइट एकदम उचलण्याचा हट्टही धरू नये. प्रश्नपत्रिका पुन्हा काढता येतात. छापील पाठ्यपुस्तकांच्या प्रती व चित्रपटगीते अन्यत्र मिळतात. ओव्यांची ध्वनिमुद्रणे व मुलाखती एका फोल्डरात ६०० मेगाबाइट भरत असतील, तर त्या मंद अशा १.१ च्या खाचेतूनही १० मिनिटांत पेनड्राइव्हवर येतात. तेवढ्यात वीज गेली तरी यूपीएसच्या पंधरा मिनिटांत ते काम पुरे होते. त्यानंतर छायाचित्रे, आणि सर्वांत शेवटी उरलेले. पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकास लावून प्रत्येक ध्वनिमुद्रण आरंभी, मध्ये व शेवटी थोडे थोडे ऐकून पाहावे, आणि तसे ऐकून होईपर्यंत जुन्या डिस्कवरील काहीही पुसू नये.